एकच शब्द, दोन पंगती

मी शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. गेल्या वर्षी मराठीच्या तासाला धड्यात 'पंगत' हा शब्द आला. अर्थ सांगण्याआधीच एक सिंधी मुलगा उठून म्हणाला, "सर, हा पंजाबी शब्द आहे. आमच्या गुरुद्वारात लंगरला पंगत बसते." मागच्या बाकावरून बदलापूरचा मुलगा लगेच म्हणाला, "नाही सर, मराठीच आहे. आमच्या घरी गणपतीत बसते ती पंगत."

दोघांचेही बरोबर होते. मूळ संस्कृत शब्द 'पंक्ती', म्हणजे रांग, ओळ. तो मराठीतही आला आणि पंजाबीतही. या दोन मुलांच्या घरांमधले अंतर तरी किती? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही कर्जतच्या लोकलवरची लागोपाठची तीन स्टेशने. पण तास संपल्यावर माझ्या लक्षात आले की शब्द एक असला तरी या दोन पंगतींचा इतिहास वेगवेगळ्या दिशांनी गेलेला आहे. एका पंगतीत कोणीही बसावे म्हणून ती मांडली गेली. दुसरीत कोणी बसू नये याचे नियम शेकडो वर्षे लिहिले गेले. आणि दोन्हीकडे पानात वाढले जाणारे अन्न मात्र साधे, शाकाहारी, सगळ्यांना चालेल असेच.

हा लेख त्या पानाबद्दल आहे, आणि त्याहून अधिक त्या रांगेबद्दल.

पानाची मांडणी

मराठी सणाचे पान ज्यांनी समोर वाढलेले पाहिले असेल त्यांना त्याची शिस्त ठाऊक आहे. केळीचे पान असेल तर त्याचे अग्र जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वर मधोमध मीठ. मिठाच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे, म्हणजे चवीपुरते घ्यायचे पदार्थ. उजवीकडे भाज्या, आमटी, म्हणजे पोटभर घ्यायचे पदार्थ. मधल्या जागेत भाताची मूद, तिच्यावर पिवळे वरण आणि तुपाची धार. उजव्या हाताने जेवायचे असल्यामुळे जे जास्त लागते ते हाताजवळ आणि जे थोडे लागते ते लांब, इतका साधा विचार या मांडणीमागे दिसतो.

क्रमही ठरलेला. आधी वरणभात. मग पुरणपोळी, श्रीखंड-पुरी किंवा त्या सणाचे जे गोड असेल ते. मग मसालेभात. शेवटी ताकभात किंवा मठ्ठा, आणि सगळ्यावर विडा. सणाप्रमाणे पान बदलते. होळीला पुरणपोळी, पाडव्याला श्रीखंड, कोकणच्या बाजूला गणपतीत उकडीचे मोदक. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमावर न पिकलेल्या भाज्यांची 'ऋषीची भाजी'. चातुर्मासात अनेक घरांत कांदा, लसूण आणि वांगे बंद. म्हणून आषाढी एकादशीच्या आधी कांदेनवमीला कांद्याचे सगळे प्रकार खाऊन घ्यायचे आणि पुढे चंपाषष्ठीला वांग्याच्या भरिताने वांगे पुन्हा सुरू करायचे. वर्षभराचे असे खाण्याचे पंचांगच आहे.

पंगतीचे स्वतःचे शिष्टाचार आहेत. पाट मांडलेले, पानाभोवती रांगोळी, उदबत्तीचा वास. जुन्या घरांत पुरुष पानाभोवती पाणी फिरवतात, उजवीकडे भाताच्या लहान चित्राहुती घालतात, आपोशनी घेतात. यजमान हात जोडून "सावकाश होऊ द्या" म्हणतो, तेव्हा जेवण सुरू होते. मग आग्रह. आणि सगळ्यांचे होईपर्यंत कोणी उठत नाही. सगळी पंगत एकदम उठते.

आमच्याकडच्या वाचकांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. आमच्या घरांतही वडीलधारी माणसे दस्तरखानावर बसली की आधी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवत. उजव्या हाताने खा, आपल्या समोरचे खा, ही शिकवण हदीसमध्ये आहे आणि ती लहानपणी प्रत्येक मुलाला मिळते. दस्तरखान उचलण्याआधी उठू नये, ताटात अन्न टाकू नये, हेही तसेच. आणि सणाचे शाकाहारी जेवण आपल्यालाही नवे नाही. शब-ए-बरातला चण्याच्या डाळीचा हलवा आणि पुरी. ईदच्या सकाळी शीरखुर्मा, ज्यात दूध, शेवया, खजूर आणि सुका मेवा यापलीकडे काही नसते. ज्या घरांत रजबच्या बावीस तारखेला कुंडे भरतात, तिथली खीर-पुरी तर जिथे बसाल तिथेच खायची, उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, असा दंडक असतो. कुंडे करावेत की नाही यावर आपल्यात मतभेद आहेत, ते इथे बाजूला ठेवू. पण ती शिस्त पाहिली की बदलापुरातले सोवळ्याचे स्वयंपाकघर आठवते.

पानावर कोण कुठून आले

'परंपरागत' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. अंबरनाथच्या शिवमंदिरापासून सुरुवात करू. वालधुनीच्या काठावरचे हे मंदिर शिलाहारांच्या काळातले. त्यातल्या शिलालेखावर शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० हे साल आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते आणि त्या दिवशी मंदिराच्या वाटेवर साबुदाण्याची खिचडी मिळते. त्या खिचडीकडे इतिहासाच्या शिक्षकाच्या डोळ्यांनी पाहा. मिरची, बटाटा, शेंगदाणा ही तिन्ही पिके अमेरिका खंडातली, पोर्तुगीज इथे आल्यानंतर आपल्याकडे पोचलेली. आजचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही तिथलाच. म्हणजे ज्यांनी हे मंदिर बांधले त्यांनी आजच्या उपवासाच्या ताटातली एकही मुख्य वस्तू पाहिलेली नव्हती. उलट जो गहू त्यांना ठाऊक होता, तो उपवासाला चालत नाही.

मग त्या काळात काय जेवत असतील? मंदिरानंतर साधारण सत्तर वर्षांनी चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ तयार झाला. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. आपले कल्याण नव्हे, हे मुलांना दरवेळी सांगावे लागते. या ग्रंथात राजाच्या भोजनाचे तपशीलवार वर्णन आहे. मांडे, पुऱ्या, वडे, दह्याची शिखरिणी असे आपल्या ओळखीचे पदार्थ त्यात भेटतात. शिखरिणी म्हणजे श्रीखंडाची पूर्वज. पण त्याच पानांवर मांसाचे आणि माशांचे पदार्थही आहेत, तेही तितक्याच आवडीने सांगितलेले. तेव्हा शाकाहारी सणाचे जेवण ही आपल्या भूमीतली एक परंपरा आहे, एकमेव नाही. आजही कोकणातल्या अनेक घरांत गणपतीला मोदक आणि गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. एकाच घरात, एकाच आठवड्यात.

भाषेच्या शिक्षकाला पदार्थांपेक्षा शब्दांचा मोह जास्त. मराठी पंगतीतला मसालेभात घ्या. 'मसाला' हा अरबी 'मसालेह'वरून आलेला, 'भात' आपला. एका शब्दात दोन भाषा शेजारी बसल्या आहेत आणि त्यांना कोणी वेगळे पान मांडलेले नाही. जिलेबी ही अरबी 'झलाबिया'. मध्ययुगीन अरबी पाकग्रंथांत ती सापडते आणि पंधराव्या शतकात एका जैन ग्रंथात आपल्याकडच्या मेजवानीत हजर होते. सतराव्या शतकात रघुनाथ पंडिताने लिहिलेल्या 'भोजनकुतूहल'पर्यंत ती इतकी रुळली की तिची कृतीच संस्कृतात लिहिली गेली. हलवा अरबी. बर्फी फारसी 'बर्फ'वरून. गुलाबजाममधला गुलाब फारसी. बटाटा आणि पाव पोर्तुगीज. हे सांगण्यात कोणाचे श्रेय काढून घ्यायचा हेतू नाही. पुरणपोळी जितकी मराठी आहे तितकीच जिलेबीही आता मराठी आहे. सांगायचे इतकेच की पानाने कधी कोणाला जात विचारली नाही. ती विचारली रांगेने.

रांगेचे नियम

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या जेवणाला कोणाला बोलवावे याचे विवेचन आहे. ज्यांच्या बसण्याने पंक्ती पवित्र होते ते 'पंक्तिपावन' आणि ज्यांच्या बसण्याने बिघडते ते तिच्याबाहेरचे, अशा याद्या तिथे आहेत. 'पंक्तिभेद' आणि 'पंक्तिव्यवहार' हे मराठीतले शब्द याच विचारातून आले. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार या जोडीत रोटी आधी येते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. जातीची भिंत लग्नाच्या मांडवाआधी जेवणाच्या पानापाशी उभी राहते.

पेशवाईत ही व्यवस्था सरकारी झाली. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा तळेगावच्या दाभाड्यांची. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडल्यावर ती पुण्याला पेशव्यांकडे आली आणि वाढत गेली. हजारोंच्या पंगती हा राज्यकारभाराचा भाग झाला. १७८३ मध्ये सवाई माधवरावांचे लग्न झाले, तेव्हा नाना फडणविसांच्या देखरेखीखाली व्यवस्थेची जी याद तयार झाली ती प्रसिद्ध आहे. कोणती कामे कोणाकडे, कोणाची बडदास्त कशी ठेवायची, हे सगळे त्यात बारकाईने आहे. आजच्या कोणत्याही केटररने वाचावी अशी ती याद. पण शिस्त आणि दर्जा ही एका बाजूची गोष्ट झाली. कोणी कुठे बसायचे, ही दुसऱ्या बाजूची. पेशवाई संपल्यावर तीस वर्षांनी लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांनी आपल्या शतपत्रांत ब्राह्मणभोजन आणि दक्षिणेच्या या रूढीवर कोरडे ओढले. तेही त्याच समाजातले होते, म्हणून त्यांच्या टीकेला वजन आहे.

त्या आधीही कोणी प्रश्न विचारला नव्हता असे नाही. पैठणच्या एकनाथांची कथा मराठी माणसाला तोंडपाठ आहे. श्राद्धासाठी शिजवलेल्या अन्नाचा वास दारावरून जाणाऱ्या अस्पृश्य कुटुंबाला आला आणि नाथांनी ब्राह्मणांआधी त्यांनाच जेवू घातले. पुढे ब्राह्मणांनी बहिष्कार टाकला आणि स्वतः पितर जेवायला उतरले, असे कथा सांगते. ती घडली तशीच घडली का, हा प्रश्न इथे गौण आहे. लोकांनी ही कथा चारशे वर्षे जपून ठेवली, म्हणजे रांगेतली खोट त्यांनाही बोचत होती.

एक घोट चहा

एकोणिसाव्या शतकात ही बोच उघड झाली. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. सभा गुप्त होती. तिचे सभासद होण्याची कसोटी कोणता मंत्र म्हणण्याची नव्हती, ती खाण्यापिण्याची होती: ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. आज हे वाचताना हसू येते आणि मग थोडे गप्प व्हायला होते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातचे पाणी ही त्या काळी क्रांतीची परीक्षा होती. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा मोडली. त्याच विचाराची माणसे पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाजात दिसतात.

पुण्यातले पंचहौद मिशनचे प्रकरण अधिक गाजलेले. १४ ऑक्टोबर १८९० रोजी मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या पुण्यातल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशींचे यजमान, यांनी नंतर उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. बहिष्कार, ग्रामण्य, प्रायश्चित्त यांत दोन वर्षे गेली आणि शेवटी रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्यामुळे त्यांचे सुधारक मित्र दुखावले. मांस नव्हते, मद्य नव्हते. कपात दूध, साखर आणि चहाची पत्ती होती. वाद होता तो कप कोणाच्या घरचा याचा.

विसाव्या शतकात सहभोजने सुरू झाली. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी जातिभेद मोडण्यासाठी सहभोजने घडवली आणि १९३३ मध्ये तिथे अखिल हिंदू उपाहारगृह निघाले. स्पृश्य आणि अस्पृश्य एका टेबलावर बसले, हे त्या काळात सोपे नव्हते आणि त्याची नोंद घेतलीच पाहिजे. रांग किती लांब करायची हेही त्या उपाहारगृहाच्या नावातच लिहिलेले होते, याचीही नोंद घ्यावी लागते. मला त्या काळातले सगळ्यात आवडते नाव मात्र अनंत हरी गद्रे यांचे. त्यांनी 'झुणका-भाकर सत्यनारायण' सुरू केला. पूजेला दलित जोडपे बसवायचे आणि प्रसाद म्हणून झुणका-भाकर. गद्र्यांनी पूजा मोडली नाही आणि शाकाहारही मोडला नाही. पाटावर कोणाला बसवायचे एवढेच बदलले, आणि तेच सगळ्यात अवघड होते. आचार्य अत्र्यांनी त्यांना 'समतानंद' म्हटले ते उगीच नाही.

बदलापूरचा या इतिहासाशी एक धागा आहे, जो इथल्या फार थोड्या मुलांना माहीत असतो. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याची ओंजळ घेतली. त्यानंतर काही आठवड्यांनी, मे महिन्यात, बदलापुरात शिवजयंतीचा उत्सव झाला आणि त्याचे अध्यक्ष बाबासाहेब होते. महाडला पाण्याला हात लावला म्हणून माणसांना मार खावा लागला होता आणि त्यानंतर लगेच आपल्या शेजारच्या गावाने त्यांना अध्यक्षाच्या जागी बसवले. कोण कुठे बसतो यावर सगळे ठरणाऱ्या समाजात ही लहान घटना नव्हती.

उल्हासनगरची पंगत

आता त्या सिंधी मुलाच्या पंगतीकडे येऊ. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत ठेवले गेले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या त्या बराकी. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर झाले. आजही लोक पत्ता सांगताना कॅम्प एक ते कॅम्प पाच असेच सांगतात.

हे लोक घर, जमीन, दुकान सोडून आले, पण सणांचे जेवण बरोबर घेऊन आले. चेटीचंडला गोड भात, ताहिरी. थदडीला आदल्या दिवशी करून ठेवलेले थंड जेवण, कारण त्या दिवशी चूल पेटवायची नाही. मराठी घरांत शीतळा सप्तमीला जे करतात त्याच्याशी हे किती जुळते. झूलेलालना सिंधमध्ये मुसलमान जिंदा पीर म्हणत आणि उडेरोलालच्या स्थानावर दोन्ही समाज जात, हे जुन्या सिंधी मंडळींना चांगले ठाऊक आहे. आणि सिंधी हिंदूंतले पुष्कळ जण नानकपंथी असल्यामुळे लंगर आला. डाळ, भाजी, रोटी, खीर. पूर्ण शाकाहारी.

'लंगर' हा शब्द फारसी. सूफींच्या खानकाहांत येणाऱ्या प्रत्येकाला जेवण मिळे, तेही लंगरच. अजमेरच्या दर्ग्यातल्या मोठ्या देगेत शिजणारा गोड भातही शाकाहारीच असतो, म्हणजे कोणालाही खाता यावा असा. शीख गुरूंनी ही कल्पना उचलली आणि तिला एक कडक नियम जोडला: आधी पंगत, मग संगत. आधी सगळ्यांबरोबर जमिनीवर बसून जेवा, मग गुरूंना भेटा. शीख परंपरा सांगते की अकबर बादशहा गोइंदवालला गुरू अमरदासांना भेटायला गेला तेव्हा त्यालाही पंगतीत बसावे लागले.

हाच तो फरक. पंक्ती या एकाच शब्दाचा एका ठिकाणी अर्थ झाला 'तू इथे बसू शकत नाहीस' आणि दुसऱ्या ठिकाणी 'इथे बसल्याशिवाय तुला पुढे जाता येणार नाही'. अन्न तेच. जमिनीवर मांडी घालून बसणेही तेच.

आपला दस्तरखान

इथपर्यंत वाचून काही वाचक मनात म्हणतील, आपल्याकडे बरे आहे, आपल्यात भेद नाही. मलाही असेच वाटत असे.

मी लहान असताना अब्बांना अंबरनाथमध्ये एका ओळखीच्या घरी गणपतीच्या जेवणाचे बोलावणे आले. मला बरोबर नेले. आमची पाने ओटीवर मांडली होती, आतल्या पंगतीपासून वेगळी. वाढणाऱ्या आजींनी प्रेमाने दोनदा अळूचे फदफदे वाढले, मोदकावर तूप सोडले, "पोटभर जेव रे बाळा" म्हणाल्या. जेवण झाल्यावर अब्बांनी आमची दोन्ही पाने स्वतः उचलली, मागच्या दारी टाकली आणि येऊन आजींना मनापासून धन्यवाद दिले. घरी येताना ते फक्त अळूबद्दल बोलले. पाने वेगळी का होती हे मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. आजींच्या मायेबद्दल मला आजही शंका नाही. ओटी आणि माजघर यांच्यामधला उंबरा त्यांनी बांधलेला नव्हता, त्यांना तो तसाच मिळाला होता.

ही गोष्ट मी अनेकदा अनेकांना सांगितली आहे. दुसरी गोष्ट कमी वेळा सांगितली आहे. काही वर्षांनी आमच्याच घरी लग्न होते. मी वाढायला होतो. आमच्या गल्लीची सफाई करणारे कुटुंब जेवायला आले. नवरा, बायको, तीन मुले. कोणीतरी मोठ्याने सांगितले, "त्यांचं नंतर बघू, मागच्या बाजूला." शेवटच्या फेरीनंतर मांडवामागे त्यांना बसवले आणि मीच वाढले. अब्बा ते पाहत होते. तेही काही बोलले नाहीत. अळूच्या दिवशी गप्प राहिलेला माणूस आणि या दिवशी गप्प राहिलेला माणूस एकच होता, आणि या दुसऱ्या वेळी मी लहान नव्हतो.

ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते ते सगळ्यात वाईट जेवण, ही शिकवण आपल्याकडे सहीह हदीसमध्ये आहे. ती माहीत नसलेला माणूस आमच्या मांडवात त्या दिवशी कोणी नसेल. एक बिरादरी दुसरीशी सोयरीक करत नाही, हे आपल्या गावागावांत आहे. 'खास' मेहमानांसाठी पडदा लावलेले वेगळे टेबल आहे. मनुस्मृती आपण वाचली नाही, पण तिची रांग आपणही शिकलो. इथल्याच मातीतले आहोत, इथले गुण घेतले तसे दोषही घेतले.

आज रांग कुठे आहे

आता पंगती कमी झाल्या. लग्नात बुफे असतो. सणाला पुरणपोळी डब्यातून येते. वरवर पाहता रांगच उरली नाही, त्यामुळे भेदही उरला नसावा. पण रांग जेवणाच्या पानापासून उठून दुसरीकडे जाऊन बसली आहे. आमच्या पट्ट्यात रोज नवी संकुले उभी राहत आहेत. घर पाहायला गेले की पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, आडनावाचा असतो, आणि तो पुष्कळदा 'तुम्ही व्हेज की नॉनव्हेज?' असा सभ्य वेष घालून येतो. शाकाहार हा ज्याचा त्याचा नियम आहे. त्यात संयम आहे, करुणा आहे, आणि त्याबद्दल मला आदर आहे. म्हणूनच त्याचा असा वापर पाहून वाईट वाटते. ज्या जेवणाला सगळ्यात जास्त माणसे एकत्र बसू शकतात, तेच जेवण माणसे वेगळी करायला वापरले जाते. वरणभाताला न चालणारा माणूस जगात नाही.

उलट उदाहरणेही याच पट्ट्यात आहेत. रमजानमध्ये इफ्तारला शेजारचे येणार असतील तर अम्मी त्या दिवशी फक्त फळे, भजी, चणे आणि सरबत ठेवायची, म्हणजे कोणाला विचारावे लागू नये. बदलापूरच्या त्या मुलाने यंदा गणपतीत मला घरी बोलावले. त्याच्या आईने पान मांडले ते आतल्या खोलीत, त्याच्या आजोबांच्या शेजारी. मीठ मधोमध, लिंबू डावीकडे, उजवीकडे अळू. आजोबांनी हात जोडून "सावकाश होऊ द्या" म्हटले. मी मनात बिस्मिल्लाह म्हटले आणि पहिला घास घेतला. जेवण झाल्यावर मी पान उचलायला वाकलो, तेव्हा त्या मुलाने माझ्या आधी ते उचलले.

पुढच्या महिन्यात माझ्या पुतणीचे लग्न आहे. बुफे नको, दस्तरखान घालायचा, असे मी घरात सांगितले आहे. आमच्या इमारतीची सफाई करणाऱ्या मावशींना पहिल्या फेरीचे बोलावणे मी स्वतः जाऊन केले. घरात एक-दोघांनी भुवया उंचावल्या. मावशी म्हणाल्या, "सर, आम्ही मागाहून बसू, सवय आहे." त्यांना म्हटले, पहिल्याच फेरीला या, मी तुमच्या शेजारी बसणार आहे.